कळलावीचा कंद

श्रावणी सोमवार होता. टोपल्यातली रताळी मी न बघताच पातेल्यात ओतली आणि उकडायला ठेवली. घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली.

त्याच टोपल्यात सासूबाईंनी, म्हणजे रुक्मिणबाईंनी, कळलावीचा कंद ठेवला होता. माझी नणंद पुनम बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. कळा अडल्या तर कंद उगाळून तळपायाला लावायचा, ही सासूबाईंची रीत. म्हणून आदल्या दिवशी त्यांनी तो कंधारच्या डोंगरातून खणून आणला. लाल-पिवळ्या फुलांची ती वेल विषारी, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत. पण कंद मोडून ठेवला की अगदी बारीक रताळ्यासारखा दिसतो.

दुपारी सासूबाई टोपलं चाचपत म्हणाल्या, "राजकन्या, यातला कंद कुठं हाय?"

मी चुलीकडं धावले. पातेलं रिकामं होतं. माझा उपवास निरंकार, त्यामुळं मी चाखूनही बघितलं नव्हतं. खाणाऱ्या दोघीच, माय आणि लेक.

शेजारच्या धोंडप्पांनी जीप काढली. पुनम पोट धरून बसली होती. "वहिनी, ढवळून राहिलंय," ती म्हणाली. तिला आणि पोटातल्या जिवाला मीच मारलं, एवढंच मला कळत होतं. सासूबाई तोंडाला पदर लावून गप्प होत्या. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

तालुक्याच्या दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी पुनमला विचारलं, "किती खाल्लं?"

"एकच घास. कडू लागला, थुंकला. बाकीचं ताटातच सोडलं."

मला रडू फुटलं.

"उरलेलं कुठाय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

फराळाचं अन्न आमच्या घरात टाकत नाहीत. लेकीच्या ताटातलं उष्टं तर सासूबाई रोजच संपवतात. मी वळून बघितलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, कपाळावर घाम.

"आत्याबाई, तुम्ही खाल्लं?"

"आधी लेकीचं बघू द्या त्यान्ला," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं असतं तर समदे माझ्याच मागं लागले असते."

नर्स खाट ओढत आली. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला होता. त्यांनी तो सोडवला आणि पुनमकडं बोट केलं.

"तिच्यापाशी थांब. कळा आल्या तर ती भिईल."