उनायचं दुसरं मयत

तुम्ही मला माझ्या आईला माती देऊ दिली नाहीत. ऑस्ट्रेलियाबाहेर जायची परवानगीच नाकारलीत. "कारण पुरेसं सबळ नाही," एवढंच तुमच्या ईमेलमध्ये होतं आणि खाली सही कुणाचीच नव्हती. आई मरायला टेकलीय हे पुरेसं नाही, तर मग पुरेसं काय असतं हो तुमच्या ऑफिसात?

तुमचं उत्तर आलं आणि लगेचच्या रविवारी आई गेली. हार्टने, कोविडने नाही. दोन हजार एकवीसचा जुलै. वसईला अंगणात मयत, आणि मी, लूसी, सिडनीत हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लॉकडाउनमध्ये अडकलेली. सोबतीला एकटा उनाय.

उनाय माझा फ्लॅटमेट. स्पेनचा, समुद्रकाठच्या लहानशा गावातला. डायरेक्टर व्हायचं म्हणून सिडनीत फिल्म शिकायला आला आणि रेस्टॉरंटमध्ये कांदे कापत राहिला. पुढे तेही बंद पडलं. सोळाव्या वर्षी त्याने आजीचं मयत चोरून शूट केलं होतं. ती त्याची पहिली फिल्म. त्याच्या घरात मेलेल्या माणसावर कॅमेरा धरणं म्हणजे पाप. काकाने कॅमेरा समुद्रात फेकला, बाप वर्षभर बोलला नाही. हे ऐकून मी पोट धरून हसले होते. आमच्याकडे, वसईच्या ख्रिस्ती घरांत, फादरच्या आधी व्हिडिओवाल्याला फोन जातो. सगळं घर शवपेटीभोवती उभं राहून फोटो काढतं, परदेशातल्यांसाठी.

आईच्या मयताला मात्र व्हिडिओवाला पोहोचलाच नाही. धाकटा भाऊ एडवर्ड रडत रडत मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून होता. मला दिसत होत्या चपला, मंडपाचं कापड, कुणाचा तरी मास्क.

"एडी, आई दाखव ना रे!"

"दाखवतोय गं. माणसं मध्ये येतायत."

उनाय माझ्या खांद्यावरून वाकून इंग्रजीत म्हणाला, "मेट, स्टूल घे. वर चढ. कोपरं छातीला लाव."

"हा गोरा कोण आता?" एडी म्हणाला. "आई जाते न जाते तोच लग्न उरकलंस काय?"

"फ्लॅटमेट आहे, गाढवा. तो सांगतो ते कर."

एडी चढला. उनाय हळू आवाजात सांगत गेला, "आता हात. हलू नकोस. आता चेहरा. थांब. अजून थांब."

आणि आई दिसली. लाल लुगडं, बोटांत जपमाळ, हनुवटीवरचा तीळ.

मग घरच्यांचा फोटो. सगळे पेटीभोवती दाटीने उभे राहिले, तसा उनाय ओरडला, "नो, नो! डोक्याशी एक जागा सोडा. लूसीची."

एडीची बायको रेनी बाजूला सरकली. एडीने स्टुलावरूनच फोटो काढला.

पेटी बंद झाली. उनाय बाल्कनीत जाऊन माझ्यापेक्षा जास्त रडला. "माझ्या बापाने हे बघायला हवं होतं," म्हणाला.

दोन महिन्यांत तोही स्पेनला परत गेला. काम नाही, भाडं कुठून देणार? त्याच्यासारख्यांना तुम्ही टीव्हीवरून आधीच सांगून ठेवलेलं, परवडत नसेल तर आपल्या देशात जा. तो तात्पुरत्या व्हिसावर, त्याला राहणं जमेना; मी इथली कायमची रहिवासी, मला तुमच्या परवानगीशिवाय जाणं जमेना. दोन्ही दारं तुमच्याच हातात.

आता फ्लॅटमध्ये मी आहे आणि तो फोटो. दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही, मग मी फोटोशी बोलते. आईच्या डोक्याशी अजून एका माणसाएवढी फरशी रिकामी दिसते.

त्या फरशीवर मी का नाही? ईमेल नकोय मला. ज्याने नकार दिला त्या माणसाने नाव सांगावं, आणि उत्तर द्यावं.