काटा नसलेला कुकर

“काटा कुठे आहे?” बाबांनी विचारलं.

इलेक्ट्रिक कुकर मी नुकताच खोक्यातून काढून ओट्यावर ठेवला होता. ओटा भिंतीला लागून असल्यामुळे बाबांना त्याच्याभोवती फिरता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कुकरच फिरवून चारी बाजूंनी पाहिला.

“काटा नाही यात.”

“मग आत प्रेशर किती झालंय ते कळणार कसं?”

“आपल्याला कळायची गरज नाही. तो स्वतःच बघतो.”

“तो म्हणजे कोण?”

मी सेन्सरबद्दल सांगितलं. तापमान वाढलं की काय होतं, हीटर कधी बंद होतो, झाकण कधी अडकतं, सगळं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे ओळख ना पाळख, आणि विश्वास ठेवायचा.”

बाबांनी आयुष्यभर एका मोठ्या लॉन्ड्रीचा बॉयलर सांभाळला होता. हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे पडदे त्यांच्या वाफेवर धुतले जायचे. शिफ्टभर स्टुलावर बसून प्रेशरच्या काट्याकडे बघायचं, हे काम. तिथले लोक त्यांना ‘घुबड’ म्हणत, कारण त्यांना पापणी लवताना कुणी पाहिलं नव्हतं. हे नाव त्यांना आवडायचं, असं आई सांगायची.

आई गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी दिवसभर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, बाबा घरी. दोनदा त्यांच्या हातून दुधाचं पातेलं करपलं. दुसऱ्यांदा धूर वरच्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत गेला आणि त्यांनी आरडाओरडा करून जिना गोळा केला. “झोप लागली होती, विसरलो नव्हतो,” बाबा म्हणाले. दादाने यावर वाद घातला नाही. तो दुसऱ्या शहरातून आला, शेगडी उचलली आणि गाडीत टाकून घेऊन गेला.

मी पुढच्या शिक्षणासाठी महिनाभराने जाणार होते. त्यानंतर बाबांचं काय, हा प्रश्न होता. बाबांना हे घर सोडायचं नव्हतं. दादाला त्यांना एकटं ठेवायचं नव्हतं. फोनवर खूप बोलल्यावर तो एवढ्यावर आला, “मी येईन तेव्हा बाबांनी स्वतः शिजवून मला वाढायचं. तू मधे पडायचं नाहीस. जमलं तर राहू देत तिथे. नाही जमलं तर त्याच दिवशी सामान गाडीत.”

हे मी बाबांना सांगितलं नाही. परीक्षा आहे असं कळलं की माणूस गडबडतो, असा माझा हिशोब.

पहिल्यांदा फक्त पाणी घालून कुकर चालवायचा, असं माहितीपुस्तिकेत होतं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, हात पाठीमागे. काकूही आल्या, पण दाराच्या बाहेरच थांबल्या.

“आमच्या भावजयीच्या मैत्रिणीकडे झाकण उडून छताला चिकटलं होतं,” काकू म्हणाल्या.

“इलेक्ट्रिक होता का काकू?”

“ते नाही माहीत. पण झाकण होतं.”

थोड्या वेळाने झाकणावरची छोटी पिन टक् करून वर आली. “आत प्रेशर आलं की ही वर येते, उतरलं की खाली जाते,” मी म्हटलं.

“वर नाही तर खाली,” बाबा म्हणाले. “मधलं काहीच नाही? हे म्हणजे डॉक्टरने सांगावं, पेशंट आहे.”

काकू हसल्या. मी चमच्याच्या दांड्याने व्हॉल्व्ह फिरवला, वाफ सुसाट वर गेली, आणि काकू जिन्यापर्यंत. बाबा मात्र पहिल्यांदाच पुढे आले आणि वाफेचा आवाज संपेपर्यंत कान देऊन ऐकत राहिले.

रविवारी माझ्यासमोर त्यांनी भिजवलेले चणे आणि बटाटे लावले. पाणी भांड्यातल्या रेषेपर्यंत, झाकण उजवीकडे, व्हॉल्व्ह बंद, बटण. एकही गोष्ट चुकली नाही. चणे बोटांत धरले तर लोण्यासारखे दबत होते. मला वाटलं, झालं काम.

सोमवारी प्रयोगशाळेतून आले तर डब्यात माझ्यासाठी काढून ठेवलेले चणे होते. मी एक तोंडात टाकला. कडक.

“मशीन बरोबर नाही,” बाबा म्हणाले.

मंगळवारी तेच. संध्याकाळी मी समोर बसून त्यांना पुन्हा करायला लावलं, तर चणे मऊ. बुधवारी दुपारी पुन्हा दगड. कुकर तोच, चणे त्याच पिशवीतले, पाणी त्याच नळाचं. बदलत होती ती एकच गोष्ट. मी घरात असणं किंवा नसणं.

याचे दोनच अर्थ मला दिसत होते. एक, बाबा मुद्दाम करत होते. त्यांना हे यंत्र नको होतं आणि ते कुकरला नापास करून शेगडी परत मागणार होते. दुसरा अर्थ मला मनातही नीट मांडवत नव्हता. मी समोर नसताना त्यांना पायऱ्या आठवत नव्हत्या. मग दुधाचं पातेलंही झोपेमुळे करपलं नव्हतं, आणि दादाचं म्हणणं बरोबर होतं.

मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. सहज विचारावं तसं विचारायचे, “आज वार कोणता?” बाबा सांगायचे. “काल काकू काय म्हणाल्या?” तेही सांगायचे, काकूंच्या आवाजात. एकदा मी किल्लीची जागा बदलून पाहिली. ती त्यांनी शोधून परत जागेवर ठेवली आणि वर म्हणाले, “किल्ली इकडे-तिकडे ठेवू नकोस. विसरायला लागलीस की काय?”

गुरुवारी मी चण्यांऐवजी पाण्याकडे बघितलं. माझ्यासमोर शिजवताना पाणी रेषेच्या थोडंच खाली जायचं. बंद भांड्यात तसंच व्हायला हवं. दुपारच्या भांड्यात मात्र तळाला जेमतेम ओल होती. एवढं पाणी चणे पिऊ शकत नाहीत. ते वाफ होऊन बाहेर जात होतं, आणि वाफ गेली की दाब उतरणार, चणे कच्चे राहणार. प्रश्न एवढाच की वाट कुठली. झाकणाची रबरी रिंग मी काढून उजेडात धरली. कुठे चीर नाही, कुठे मळ नाही. रिंगमधून गळलं असतं तर वाफ बाजूने निघाली असती आणि भिंतीवरची फरशी ओली झाली असती. ती कोरडी होती. मग मी वरच्या कपाटाच्या तळाला हात लावला. व्हॉल्व्हच्या बरोबर वर ताटलीएवढा भाग दमट होता आणि लाकडाला फुगवटा आला होता.

म्हणजे वाफ सरळ वर जात होती. आणि व्हॉल्व्ह फिरवल्याशिवाय ती सरळ वर जात नाही.

बाबा बाहेरच्या खोलीत रेडिओची बॅटरी बदलत होते.

“बाबा, कुकर चालू असताना तुम्ही व्हॉल्व्ह उघडता?”

“उघडतो की.”

इतक्या सहज उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. “किती वेळा?”

“दोन-तीन मिनिटांनी एकदा. चिकटला तर? तू बघतेस का कधी? कुणीच बघत नाही.”

“लॉन्ड्रीत पण दर दोन मिनिटांनी उघडायचात?”

“वेडी आहेस का. शिफ्टच्या सुरुवातीला एकदा. सारखा उघडला तर प्रेशर कसं राहील?”

“मग इथे?”

बाबांनी बॅटरी हातातच धरून ठेवली. “तिथे काटा दिसायचा. इथे नुसतं घूं करत बसतं. आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून उघडून बघतो. वाफ आली की बरं वाटतं.”

“माझ्यासमोर नाही उघडत?”

“तू असतेस तेव्हा तू ड्युटीवर. दोघांनी कशाला बघायचं?”

मला हसू आलं. मोठं ओझं उतरलं होतं. बाबा विसरत नव्हते, गरजेपेक्षा जास्त लक्ष देत होते. पण माझं हसू त्यांना आवडलं नाही.

“आता तू सांग,” ते म्हणाले. “रोज आल्या आल्या भांड्यात डोकावतेस. एकेक चणा चावून बघतेस. वार विचारतेस. किल्ली लपवतेस. दादा काय म्हणालाय?”

मी सगळं सांगितलं. अट, दिवस, गाडी, सामान.

त्यांनी बॅटरी रेडिओत बसवून मागचं झाकण लावलं. मग म्हणाले, “म्हणजे मशीनला काटा नाही, म्हणून तुम्ही तो मलाच बसवला. आणि दोघं वाचत बसलात.”

“तसं नाही बाबा.”

“तसंच आहे. येऊ दे त्याला.”

त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर कुकर लावला नाही. दुपारचं काय खाल्लं ते सांगेनात, भांडं घासून पालथं घालून ठेवायला लागले. शिजलं की नाही, हे कळायला मला काहीच मागे उरत नव्हतं. कपाटाचा तळ मात्र मी रोज चाचपायचे. तो आधीच इतका फुगला होता की ओल नवी की जुनी, हे सांगता येत नव्हतं.

दादा ठरलेल्या वेळेच्या आधीच आला. बूट काढले आणि थेट स्वयंपाकघरात.

“बाबा, काय बेत?”

“चणे-बटाटे. भूक असेल तर वाढतो, तपासायला आला असशील तर उभा राहा.”

दादाने माझ्याकडे रागाने पाहिलं. “सांगितलंस ना?”

“त्यांनी ओळखलं.”

बाबांनी भांडं कुकरमध्ये ठेवलं, झाकण फिरवलं, बटण दाबलं. पिन वर आली. बाबांनी चमचा घेतला आणि व्हॉल्व्ह उघडला. वाफ फस्सकन वर गेली, दादा मागच्या मागे माझ्या पायावर आला.

“बाबा! हे काय?”

“तपासला. आता बंद.” त्यांनी व्हॉल्व्ह परत फिरवला. पिन खाली गेली होती, ती थोड्या वेळाने पुन्हा वर आली.

आणि मग बाबा स्वयंपाकघरातून बाहेर गेले. मागच्या गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागले.

सगळ्या नोकरीत बाबांनी चालू बॉयलर सोडून कधी पाय बाहेर टाकला नव्हता. मी जन्मले तेव्हासुद्धा बदली माणूस आल्यावरच निघाले, हे आईने मला अनेकदा ऐकवलं होतं.

“बघितलंस?” दादा हळूच म्हणाला. “लावला आणि गेले. लक्षातही नाही.”

“थांब जरा.”

“अजून किती थांबू? तू जाणार, मी तिकडे. आणि हे असे.”

दारातून बाबांची पाठ दिसत होती. त्यांनी एक टॉवेल घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. मी बघत होते तोवर तोच टॉवेल. बाकीचे कपडे दोरीवर तसेच. ते विसरले होते की स्वतःला तिकडे धरून ठेवत होते, हे मला पाठीवरून कळेना. दादाला काही समजावावं, तर मलाच खात्री नव्हती.

कुकरने टिक-टिक-टिक आवाज केला. शिजवण्याची वेळ संपली होती. बाबा वळले नाहीत.

“ऐकूसुद्धा नाही आलं,” दादा म्हणाला आणि झाकणाकडे गेला. मी त्याचा हात धरला. “पिन वर आहे. आत प्रेशर आहे अजून.”

“मग उतरव ना.”

“मी मधे पडायचं नाही, असं तूच म्हणालास.”

तो चडफडत उभा राहिला. आम्ही दोघं पिनकडे बघत राहिलो. लहानपणी एकमेकांकडे पापणी न लवता बघायचा खेळ खेळायचो, तसे. बऱ्याच वेळाने पिन खाली पडली, अगदी बारीक आवाज करून.

तेवढ्यात बाबा आत आले. खांद्यावर एकच टॉवेल. कपाळ घामाने ओलं.

“पडली?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला तिकडून ऐकू आली?” मी म्हटलं.

“मग काय. तेवढंच तर ऐकत होतो.”

त्यांनी झाकण उघडलं, एक चणा काढून फुंकर मारली आणि दादाच्या हातावर ठेवला. दादाने तो दोन बोटांत धरला. चण्याचा लगदा झाला. बोट चाटून त्याने भांड्यातून आणखी दोन उचलले.

“बाहेर कशाला गेलात बाबा?”

“इथे उभा असतो तर हात गेला असता त्याच्यावर. हिला विचार.”

“काय विचारू?”

“जेवताना सांगते,” मी म्हटलं.

आम्ही जेवलो. मीठ कमी होतं आणि ते दादाने बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, “मिठाची अट नव्हती.” मी सगळी हकिकत सांगत होते तेव्हा दादा दोनदा वाढून घेऊन ऐकत होता. शेवटी त्याने फक्त एवढंच विचारलं, “आजारी पडलात तर?” बाबा म्हणाले, “तेव्हा फोन करीन. आज नाही पडलेलो.”

जेवण झाल्यावर बाबा कुकरचं भांडं घासायला उभे राहिले आणि दादा फोन घेऊन गॅलरीत गेला. वहिनीशी बोलत होता. बाबांनी नळ बारीक केला, इतका की पाणी थेंबाथेंबाने पडायला लागलं, आणि भांड्यावरचा हात थांबवला.

“नाही, एकटाच येतोय,” दादाचा आवाज आला. “हो, बघितलं मी. चांगले शिजले होते... नाही गं, नाही ऐकत. तसं कारणही उरलं नाही. मागच्या खोलीत पोरांचं टेबल परत लावून दे.”

बाबांनी नळ मोठा केला आणि भांडं विसळायला घेतलं.