दुपारचा भूगोल

बारकूने पेनचं टोपण काढलं, फॉर्म गुडघ्यावर सपाट केला आणि सही करायच्या जागी टोक टेकवून थांबला.

"सोबत कोनाची?"

पूजाने आजूबाजूला पाहिलं. कॉलेजच्या व्हरांड्यात पालक भिंतीला टेकून ओळीने बसले होते आणि बहुतेकांच्या गुडघ्यावर असाच एकेक फॉर्म होता.

"भूगोल दुपारचा. सुटनार चारला. येताना सोबत कोन?"

"बघते, बाबा."

"बघ. मग सही."

त्याने टोपण परत लावलं. आवाज चढवला नाही की तोंड वाकडं केलं नाही. घरी आजी हाच प्रश्न विचारणार होती, आजीनंतर शेजारी आणि शेजाऱ्यांनंतर उरलेलं गाव. त्या सगळ्यांच्या वतीने त्याने तो एकदाच विचारून घेतला होता.

म्हशाच्या अलीकडच्या त्या गावातून मुली मुरबाडला कॉलेजात जायला लागून सात-आठ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात विषय निवडायची एक रीत पडली होती. ती कोणी ठरवलेली नसल्यामुळे मोडायची कोणी हेही ठरत नव्हतं. सकाळच्या गाडीने सगळ्यांनी मिळून जायचं आणि बाराच्या गाडीने मिळून यायचं. या दोन गाड्यांच्या मधे जे बसत, ते मुलींचे विषय: मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. पहिल्या मुलीने ते का घेतले होते, हे आता तिलाही सांगता आलं नसतं. ती कधीच नांदायला गेली होती. तिच्या मागचीने ते घेतले कारण तिने घेतले होते. एकटीने जायचं-यायचं नाही, एवढाच गावाचा अभ्यासक्रम होता. बाकीचा विद्यापीठाचा.

भूगोलाचे सर कल्याणहून येत आणि जेवणवेळेच्या आधी कधी पोचत नसत. म्हणून भूगोल दुपारी. म्हणून त्या गावातून आजवर एकाही मुलीने भूगोल घेतला नव्हता.

पूजाला तो हवा होता. शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. त्यात मुरबाड हा एक ठिपका होता, भातसा धरण निळ्या शाईचा डाग होता आणि म्हसा नव्हतंच. जत्रेला अर्धा जिल्हा जिथे बैल घेऊन येतो ते गाव नकाशात नाही, याचा तिला चौथीत राग आला होता. गुरुजी म्हणाले होते, नकाशा काढणाऱ्याला विचार. तो राग बारावीपर्यंत टिकला. इतकं टिकाऊ तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

त्या वर्षी गावातून चौघी बारावी पास झाल्या होत्या. धाऊच्या जुळ्या मुलींनी भूगोलाचं नाव ऐकूनच मान हलवली. राहिली कुंडलिकची अनिता. तिला पूजाने पंधरा दिवसांमागे विहिरीवर गाठलं होतं.

"मला चित्र काढता येत नाय गो. सरळ रेघ मारायला गेले तर वाकडी जाते."

"नकाशात सरळ रेघ नसतेच."

"मग तर येनारच नाय," अनिता म्हणाली होती आणि हंडा उचलून चालू पडली होती.

आत हॉलमध्ये नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत सुरू झालं. प्राचार्यांनी माईकवर दोनदा फुंकर मारली आणि सांगितलं की विषय आपल्या आवडीप्रमाणे निवडावेत, केवळ मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नयेत, पदवी हा आयुष्याचा पाया असतो. पालकांनी माना डोलावल्या. धाऊच्या मुलींनीही डोलावल्या, दोघींनी एकाच वेळी. मग कारकुनाने एक सूचना वाचून दाखवली: एकदा घेतलेला विषय वर्षभर बदलता येणार नाही. हीच सूचना बाहेर फळ्यावरही लिहिलेली होती, शेवटचे तीन शब्द लाल खडूत.

मध्यंतरात राज्यशास्त्राचे प्राध्यापक पालकांची चौकशी करत व्हरांड्यात आले. बारकूजवळ थांबून त्यांनी गाव विचारलं. त्याने सांगितलं.

"अरे वा. तुमच्या गावच्या मुलींना राज्यशास्त्राची फार ओढ आहे. दरवर्षी बघतो मी. एका परिषदेत मी यावर निबंधसुद्धा वाचला. ग्रामीण मुलींची राजकीय जाणीव."

"हां सर," बारकू म्हणाला. "गाडी बाराला असते."

सरांना या उत्तराचा संबंध लागला नाही. पण पालकांशी बोलताना संबंध लावत न बसण्याची त्यांना सवय झाली होती. ते हसून पुढे गेले.

बाराच्या गाडीची वेळ झाली तशा धाऊच्या मुली फॉर्म देऊन निघून गेल्या. रांग विरळ झाली. पूजाने पेन्सिलीने 'भूगोल' लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं होतं. बोट उचललं की ती ओळ खोडावी लागेल, असं तिला वाटत असावं.

"खोडरबर हाय का, बाबा?" शेवटी तिने विचारलं.

बारकू खिसा चाचपत होता, तेवढ्यात अनिता हॉलमधून बाहेर आली. तिच्या हातात तिचा फॉर्म होता. ती पूजाकडे न बघता बारकूसमोर उभी राहिली.

"काका, माझा बी भूगोल."

बारकूने खिशातला हात तसाच ठेवला.

"कुंडलिकला विचारलंस?"

"बाबांनी सही कोऱ्या कागदावरच केली. बोलले, इषय कुठलाबी लिही."

"कुठलाबी," बारकू म्हणाला.

"हां."

तो तिच्याकडे बघत राहिला. अनितानेही नजर खाली घेतली नाही. एरवी ती मोठ्या माणसांसमोर असं बघत नसे.

"दुपारचा असतो भूगोल," तो म्हणाला. "घरी यायला अंधार पडनार थंडीत."

"ठाव हाय, काका."

"बरं."

त्याने पेनचं टोपण काढलं. सही सावकाश केली, स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, एकही अक्षर न गाळता.

"सोबत हाय. झालं तर मग," तो म्हणाला आणि फॉर्म खिडकीत नेऊन दिला. कारकुनाने त्यावर शिक्का मारला.

परतीची गाडी पाऊण तास उशिरा लागली. बारकू पुढच्या बाकावर बसला. त्याच्या शेजारी बाजार करून निघालेली सकुबाई, गावातलीच, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मुली त्यांच्या मागे तीन बाकं सोडून. पूजाचं बोलणं थांबत नव्हतं. वह्या कुठल्या घ्यायच्या, डबा कसा न्यायचा, रेघा मी मारून देईन, तू फक्त रंग भर. अनिता खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होती.

"नकाशा कधी शिकवतात गो?" तिने मधेच विचारलं.

"दिवाळी झाली की. आधी खडक, वारे, पाऊस. मग नकाशा."

"मग ऱ्हायलं."

"काय ऱ्हायलं?"

अनिताने खिडकीची अडकलेली काच ओढून बंद केली. गाडीचा आवाज थोडा कमी झाला.

"तुळशीचं लगीन झालं की माझं हाय. पोरगा आटगावचा, कंपनीत जातो. गेल्या आठवड्यात सुपारी फुटली. गणपती होईस्तोवर गावात कोनाला बोलायचं नाय, कोन मोडता घालील म्हनून. तू पन बोलू नको."

पूजाच्या मांडीवरची पिशवी घसरली. ती तिने उचलली नाही.

"मग तू भूगोल का घेतलास?"

"मला काय. चार म्हयने मराठी शिकले काय नि दगड शिकले काय. परीक्षेला मी थोडीच असनार हाय. घरी बसन्यापरास बरं. तुझी सही झाली ना? आता तुझा इषय बदलत नाय. लाल खडूनं लिवलंय."

पूजाने पिशवी उचलून छातीशी धरली. आवाज अगदी खाली आणला.

"बाबांना कळलं तर दिवाळीपासून घरी बसवतील मला. त्यांनी तुझ्या भरवशावर सही केलीय."

"बारकूकाकांनी?"

अनिता पहिल्यांदाच तिच्याकडे वळली.

"काका होते की बैठकीला. माझ्या बाबांना लागूनच बसलेले. सुपारी त्यांनीच फोडली."

गाडीने वळण घेतलं. उभे होते ते दांडीला धरून एका बाजूला झुकले. त्यांच्या मधून पूजाला बापाची मान दिसली, आणि कॉलरच्या वर चढलेली घामाची रेघ.

सकुबाई त्याच्याकडे वळून बसली होती. तिचा आवाज गाडीतल्या कोणालाही ऐकू जात असे.

"पोरीला दुपारचं घेतलंस म्हनं, बारकू. धाऊच्या पोरी तर बाराच्या गाडीनं गेल्या. मग हिला सोबत कोन रे?"

"हाय ना कुंडलिकची अनिता," बारकू समोर बघत म्हणाला. सकुबाईने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा तिचं ऐकून न घेताच तो पुढे म्हणाला, "वरीसभर."