कागदीचाचांची सोबत

मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे. माझी बायको याची साक्ष देईल. पण १९०८ साली, व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन कामाची वाट शोधताना, मी असा गप्प बसलो की सगळं हातचं जाणार होतं.

आमचं गाव घोडेगावच्या वर, डोंगरात. वडील, बहिरू, म्हणाले, "सावळेराम, भातकापणीच्या आत कुणाच्या तरी हाताखाली लाग. न्हाईतर इळा धर." भाताशी माझं वैर नव्हतं, पण शिकलेलं वाया घालवायचं नव्हतं. कुंडलिक मास्तरांनी मला तिघांची नावं दिली: घोडेगावचे मोजणीदार, मंचरचे वैद्य आणि जुन्नरचे हातानं कागद बनवणारे कागदी. "काम बघ, विचार, आवडेल तिथं उमेदवारी माग," म्हणाले. चिठ्ठी मात्र देईनात. ओळख आपल्या तोंडानं करायची असते, हे त्यांचं म्हणणं.

आता आमच्या डोंगरात रीत अशी, की पाव्हण्यानं कामाचं आपणहून काढायचं नाही. घरधन्यानं गूळपाणी द्यावं, पिकापाण्याचं विचारावं, मग म्हणावं, "काय काम काढलं?" त्याआधी बोलेल तो हावरा.

सयाजीराव मोजणीदारांचा तळ घोडेगावाबाहेर होता. मी सकाळी तंबूपुढं बसलो तो दिवस मावळेपर्यंत. साखळी ताणून अख्खं शेत कागदावर कसं उतरवतात, ते डोळे फाडून बघितलं आणि मनाशी ठरवून टाकलं, करायचं तर हेच. सयाजीरावांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. मी उठून चालता झालो! मंचरला वैद्यांच्या ओट्यावरही तेच. तिथं तर मला रोगी समजून काढा दिला, आणि मी तो मुकाट्यानं प्यायलो.

जुन्नरला राजमहंमद कागदींच्या दारात बसलो तेव्हा कापणीला चार दिवस उरले होते. चाचा ओले कागद भिंतीला लावत होते. त्यांच्या बायकोनं, रहिमाबींनी, पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "कुठलं पावणं? काय काम काढलं?"

मला अगदी भरून आलं. सगळं भडाभडा बोललो, काढ्यासकट.

चाचा पोट धरून हसले. "आरं लेकरा, तू रीतीनं बसला व्हतास, पर त्यांना काय ठावं? बोलणाऱ्याची माती खपती, न बोलणाऱ्याचं सोनं खपत न्हाई. आता खरं सांग, कुठलं काम पायजे? माझं म्हणू नगंस. गिरणीच्या कागदापुढं ह्ये लई दिवस टिकायचं न्हाई."

"मोजणी," मी म्हणालो.

त्यांनी हातातला ओला कागद भिंतीवर पुन्हा पुन्हा चोपून बसवला. मग हात पुसत म्हणाले, "उद्या जाऊ. मी येतो संगं. पर बोलायचं तू."

पंधरा मैल चालून आम्ही तळावर पोचलो. चाचा मागं उभे राहिले. मी पुढं होऊन बोललो. "साहेब, मी फायनल पास आहे. मला मोजणी शिकायची आहे. उमेदवार म्हणून घ्या."

"मग त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस काय?" सयाजीराव खेकसले. "मला वाटलं, बांधाचं भांडण घेऊन आलाय. असल्यांना विचारलं की दिवस गेलाच! तुला इथं ओळखतं कोण?"

"मी वळखतो," चाचा म्हणाले. कालची आमची ओळख!

सयाजीराव त्यांच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून साखळी धरायला ये."

महिन्याभरानं त्यांनीच मला सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्यांनी चाचांच्या कागदाचा गठ्ठा चारचौघांत वाईट म्हणून परत केला होता. ह्या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ घेऊन चाचा गेले होते. "आणि तुझ्यासाठी आला," सयाजीराव म्हणाले. "त्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

सुटी मिळताच मी जुन्नर गाठलं आणि चाचांचे पाय धरले. माझ्या जन्मदात्यांखालोखाल मी कुणाचा ऋणी असेन तर ह्या माणसाचा. "चाचा, माझ्यापायी तुमची शपथ मोडली," म्हणताना मला रडू आवरेना.

त्यांनी मला उठवून जवळ बसवलं. "शपथ घेतली तवा मी रागात व्हतो," ते म्हणाले. "मोडली तवा शुद्धीत व्हतो. रडतोस कशाला?"