पात्यांना केलेला नमस्कार

डोंगरावर उजाडले ते नासलेल्या दुधासारखे. वर पिवळट पाणी, खाली गोठलेला चोथा. सूचिपर्णी रानाच्या काळ्या कडेवरून उजेड ओघळला आणि बर्फाच्या नळीत साचला. तेराशे मीटर लांब, सोळा वळणांची, निळसर, ओलसर, एखाद्या महाकाय जनावराच्या आतड्यासारखी ती नळी आल्प्सच्या उतारावर पसरलेली. सकाळपासून ती माणसे गिळत होती आणि खाली टाकत होती.

ल्यूज म्हणजे पाठीवर झोपून, पाय पुढे करून, त्या नळीतून केलेली घसरण. जोडीच्या ल्यूजमध्ये एका गाडीवर दोघी. वरची बघते. खालची बघत नाही.

वरची हेमांगी पार्टे, उंच, रुंद खांद्यांची. खालची वनजा गोळे. आठ वर्षांत वनजाने एकाही उताराचे एकही वळण पाहिले नव्हते. हेमांगीची पाठ हेच तिचे आकाश, हेमांगीची पाठ हाच तिचा नकाशा. डावा खांदा जडावला की डावे वळण. श्वास थबकला की उभी भिंत. बरगड्या सैलावल्या की सरळ वाट.

हेमांगीचा घाम तिच्या गळ्यावर ओघळे, हेमांगीचा खोकला तिच्या छातीत घुमे, आणि वनजाला कधी किळस आली नाही. एका डब्यातली भाकरी, एका बाटलीतले पाणी. उष्टे हा शब्द त्यांच्यात नव्हताच.

सुरुवात झाली होती वाईजवळच्या पसरणी घाटात, डांबरावर, गाडीला चाके लावून. कोवळ्या उन्हात दोघी आडव्या घरंगळत यायच्या आणि एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचा, "एवढी घाई असंल तर माझ्या गाडीत बसा की गं! तिकीट नगं!" त्या वर्षी खंडेनवमीला हेमांगीच्या आईने चाकांना हळदकुंकू वाहिले आणि म्हणाली, "जे तुम्हाला वाहून नेतं, आधी त्याच्या पाया पडा."

चाके गेली, बर्फ आला, पोलादी पाती आली. नमस्कार मात्र टिकला. प्रत्येक शर्यतीआधी हेमांगी उलट्या ठेवलेल्या गाडीच्या दोन्ही पात्यांवर तळवे टेकी, मग ते डोळ्यांना लावी. पात्यांचे तापमान मोजून झाल्यावर त्यांना हात लावू नये, असा दंडक. पण मोजणारा पांढऱ्या मिशांचा म्हातारा अधिकारी या दोघींना ओळखत होता. तो बाजूला सरके, डोक्यावरची लोकरी टोपी काढी आणि नमस्कार संपेपर्यंत ती छातीशी धरून उभा राही.

आठ वर्षे त्या सतराव्या, अठराव्या, विसाव्या आल्या. आज शेवटची संधी. दोन फेऱ्यांची बेरीज, पहिल्या बारा जोड्यांना हिवाळी ऑलिंपिकचे दार.

पहिल्या फेरीत काहीतरी वेगळे झाले. बर्फ खालून खरखरला नाही. तो वितळल्या तुपासारखा सरकला. वनजाची पाठ त्या वेगाला ओळखेना. सोळा वळणे सोळा घोटांसारखी गेली, आणि फलकावर त्यांच्या नावापुढे आकडा उमटला, पाच.

हेमांगी ओरडली, हसली, रडली. वनजाने तिला उठवायला तिचा हात धरला. बाहेर उणे आठ अंश, आणि हातमोज्याचा तळवा गरम. नुसता कोमट नव्हे, आजारी माणसाच्या कपाळासारखा गरम. आतल्या शिवणीत काहीतरी मऊ, दाणेदार, कुरकुरणारे.

कपडे बदलायच्या खोलीत ओल्या लोकरीचा, मेणाचा, माणसांचा आंबट वास कोंडला होता.

"हेमे, मोज्यात काय आहे?"

"हात शेकायची पुडी. गार पडतात हात."

"हातांसाठी आहे?"

हेमांगी बुटांचे बंद सोडत राहिली.

"बोल की. हातांसाठी आहे?"

"आठ वर्षं सतरावा नंबर, वने. तुला नाही वीट आला? एकतीस वर्षांची झालेय मी. आता परत जाऊन शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवू?"

"नैवेद्य उष्टा केलास तू."

"गप ए. देव काय ल्यूज बघत नाही." हेमांगी हसली. "आणि तू तर आठ वर्षं न बघताच आलीस माझ्याखालून. अजून एकदा ये."

पुडीत लोखंडाची भुकटी असते. हवा लागली की ती गंजू लागते, आणि गंजता गंजता ऊब देते. ती ऊब पात्यांना दिली की त्यांच्याखाली पाण्याचा केसाहून बारीक पापुद्रा धरतो, आणि घर्षण मान टाकते. एवढेच. एका लोखंडाने सडायचे, दुसऱ्याने धावायचे, आणि मधे जोडलेले दोन हात.

हेमांगीने पाण्याची बाटली पुढे केली. वनजाने ती घेतली, तोंडाजवळ नेली. काठावर ओठांचा ओला डाग होता. आठ वर्षांत पहिल्यांदा तो तिला दिसला. तिने बाटली खाली ठेवली आणि बाहेर जाऊन बर्फाने हात चोळले, तोंड चोळले, मान चोळली. जिथे जिथे हेमांगीचा घाम ओघळला होता, तिथे तिथे चोळले. कातडी लाल झाली. किळस गेली नाही.

कारण जिभेवर एक गोडी चिकटून होती. पाच. तो आकडा तिने मनात पुन्हा चाटून पाहिला होता, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. त्या गोडीचीच तिला सर्वांत जास्त शिसारी आली.

दुपारी दोघी पुन्हा वर गेल्या. आभाळ उतरले होते, मळक्या कापसासारखे. गाडी उलटी ठेवली. म्हाताऱ्याने एका पात्यावर तापमापी चिकटवली, मग दुसऱ्यावर. उणे आठ. त्याने मान डोलावली.

हेमांगी वाकली. तळवे पात्यांवर टेकले. डोळे मिटले. ओठ हलले. दहा श्वास, वीस श्वास. आईचे वाक्य, हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, घाटातले कोवळे ऊन, सगळे त्या मोज्यांखाली दडपलेले, शेकत असलेले.

आणि म्हाताऱ्याने टोपी काढली. विरळ केसांतून गुलाबी टाळू उघडी पडली, थंडीने शहारली. तो टोपी छातीशी धरून उभा राहिला, खाली मान घालून, आदराने.

ते वनजाला पाहवेना.

"पुन्हा मोजा," ती म्हणाली, त्याच्याच भाषेत. त्या भाषेतले तिला पंधरावीस शब्द येत होते. हे दोन त्यांत होते.

तो गोंधळून हसला. हेमांगीने डोळे उघडले.

"वने. नको."

"पुन्हा मोजा."

तापमापी चिकटली. आकडा चढत गेला, उणे पाच, उणे दोन, शून्य. अधिक एकवर थांबला. म्हाताऱ्याने टोपी सावकाश डोक्यावर घातली आणि यादीतल्या त्यांच्या नावावर आडवी रेघ ओढली.

"झालं समाधान?" हेमांगी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "बुडवलंस दोघींना."

"नाही झालं," वनजा म्हणाली. ती कुंपणापर्यंत चालत गेली, वाकली, आणि पोटात काही नसताना ओकली. पिवळे, कडू, थोडेसे.

पुढची जोडी नळीत शिरली. कापड फाडावे तसा आवाज खाली खाली जात विरला. हेमांगी मोजे तिथेच टाकून निघून गेली. गाडी उलटीच राहिली, पाती आभाळाकडे करून.

मग बर्फ पडू लागला, विरळ, निःशब्द, शुभ्र. एक कण पात्यावर उतरला आणि विरला. दुसरा उतरला, विरला. तिसरा टेकला, थरथरला, थेंब झाला. वनजा बघत उभी राहिली. पोलाद निवत होते, निवत होते. कितव्या तरी वेळी एक कण उतरला, सहा पाकळ्यांचा, सबंध, आणि तसाच राहिला.