पाण्यात बुडणारं तेल

मित्रांनो, ज्याच्या खोलीच्या दारावर कवटीचं चित्र लावलेलं असतं, त्याला भेटायला कोण येणार? म्हणून मीच बोलतो. मी कागदाच्या कारखान्यातला एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. बाहेरून येणारी जास्त दाबाची वीज कमी दाबाची करून यंत्रांना पुरवायची, हे माझं काम. या कामात अंग तापतं, म्हणून ते गार ठेवायला माझ्या पोटात तेल भरलेलं असतं.

माझं तेल साधंसुधं नव्हतं. ते सहजासहजी पेट घेत नसे. शेजारी कागदाचे ढीग, तेव्हा मालकांना आणखी काय हवं होतं? मला बसवलं त्या दिवशी सगळे कौतुकाने बघत होते आणि मी, खोटं कशाला बोलू, चांगलाच फुगलो होतो.

अशी तेलं तेव्हा कितीतरी देशांत बनत होती. सगळी मिळून दहा लाख टनांच्या वर बनली. ती जळत नाहीत, कुजत नाहीत, याचंच सगळ्यांना अप्रूप. पण जे संपतच नाही ते सांडल्यावर जाणार कुठे, हे विचारायचं राहून गेलं. ते नदीत गेलं, माशांच्या चरबीत साठलं, आणि जिथे एकही कारखाना नाही अशा बर्फाळ मुलखातल्या अस्वलांच्या अंगातही सापडलं. माणसांना त्याचा अपाय होतो हे कळल्यावर ते बनवणं बंद झालं. माझ्या खोलीपर्यंत मात्र ही बातमी आलीच नाही.

त्याला कारण होतं. आमच्या वायरमनचा माझ्यावर भारी जीव. दरवर्षी तपासणीच्या आधी तो मला राखाडी रंग द्यायचा आणि त्या भरात माझ्या अंगावरची माहितीची पाटीही रंगवून टाकायचा. दहा-बारा थरांखाली तेलाचं नाव पार बुजून गेलं.

त्यातून या धंद्यातल्या लोकांची एक समजूत. ट्रान्सफॉर्मरचं तेल चोळलं की गुडघेदुखी पळते म्हणे! का, तर त्याने वर्षानुवर्षं वीज खाल्लेली असते. वायरमनच्या आईला जिना उतरणं नको व्हायचं. गेल्या वर्षी तेलात पाणी शिरलंय का एवढंच बघायला नमुना काढताना त्याने माझ्या खालच्या तोटीतून एक बाटली भरून घेतली. मला वाटलं, चला, आपण म्हातारीच्याही उपयोगी पडलो.

यंदा तेल तपासायला एक बाई आल्या. त्यांनी पाटीवरचा रंग खरवडला, मजकूर वाचला आणि लगेच हातमोजे चढवले. मग पेल्यातल्या पाण्यात माझ्या तेलाचा एक थेंब सोडला. तो तरंगला नाही. सरळ तळाशी जाऊन बसला.

"तेल, आणि बुडतं?" वायरमन हसला.

"साधं तेल तरंगतं, दादा. हे विषारी आहे. कातडीतून अंगात जातं आणि वर्षानुवर्षं निघत नाही. कुणी घरी तर नेलं नाही ना?"

वायरमनचा चेहरा पांढराफटक पडला. "आईला दिलंय," तो कसाबसा म्हणाला. "वर्ष होत आलं. रोज विचारतो, तर म्हणते, फरक पडतोय." आणि तो तसाच पळत सुटला.

माझा जीव टांगणीला लागला. ज्या पोटाचा इतकी वर्षं गर्व केला, त्याचीच लाज वाटू लागली. त्या म्हातारीने माझं काय वाकडं केलं होतं?

तासाभराने तो परतला. मागोमाग कण्हत-कुथत त्याची आई. पिशवीत बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली.

"अगं, मग फरक पडतोय असं का सांगायचीस?"

"तू एवढ्या हौसेने आणलंस, नाही कशी म्हणू? पण बूच काढलं आणि कसला तो वास! लगेच घट्ट लावून माळ्यावर ठेवून दिली. गुडघे आहेत तसेच आहेत."

वायरमन लहान पोरासारखा रडायला लागला. मग रडता रडता हसला. तपासनीस बाईंनी बाटली जाड पिशवीत बंद केली आणि वायरमनने हे तेल उघड्या हातांनी हाताळलं होतं, म्हणून त्याला रक्त तपासून घ्यायला सांगितलं. ते नंतर ठीक निघालं. माझ्याही जिवात जीव आला.

वायरमनने मात्र माझ्याकडे रागाने पाहिलं. "याला मी पोटच्या पोरासारखं जपलं, आणि हा मेला..."

"त्याला कशाला बोलतोस?" आई म्हणाली. "त्याने का स्वतःहून प्यायलं ते? माणसांनीच भरलं ना?"

मित्रांनो, माझी बाजू घेणारं पहिलं माणूस ते.

आता माझं तेल बंद पिंपांत भरून खास भट्टीकडे गेलं आहे. तिथल्या भयंकर आचेत तेही संपतं. पण माझे कितीतरी भाऊबंद अजून कुठे कुठे उभे आहेत, गळत आहेत. जुनं यंत्र दिसलं तर ते फोडू नका, त्यातलं काही गटारात ओतू नका. आधी जाणत्या माणसाला बोलवा आणि पाटी वाचा. आम्हाला जीव लावा, पण आमच्या पोटात काय आहे ते विचारून लावा. त्या आईने तेल लावलं नाही, लावल्याचं खोटंच सांगितलं, म्हणून मी एका पापातून वाचलो. दर वेळी असं नशीब कुठून आणायचं?