ओटीचे तांदूळ

"स्पिरिटाची बाटली कोणी सांडली गे? नाकात गेलां माझ्या!" सोबतची सिस्टर श्रद्धा ओरडली.

सुमंगला किटची चेन खाली ओढत होती. सहा तासांचा घाम हातमोज्यांतून मनगटावर उतरला होता.

"माका काय कळना. मास्कान नाक बधिर झालां," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली. बाहेर फाटकाशी तिची वाट पाहणारी माणसं होती.

डिचोलीतल्या एका शाळेच्या इमारतीत हे कोविड सेंटर उघडून दीड महिना झाला होता. तेव्हापासून सुमंगला तिथे सिस्टर. ज्या फळ्यावर पूर्वी गणितं असत, तिथे आता खाटांचे नंबर आणि त्यांच्यापुढे ऑक्सिजनचे आकडे असत. दहा नंबरपुढचा आकडा आज सकाळीच पुसला होता. तुयें गावचे रघुनाथ एकोणीस दिवसांनी घरी चालले होते. पेडण्यात खाट मिळाली नाही म्हणून त्यांना इकडे आणलं, तेव्हा त्यांना मिनिटाला बारा लिटर ऑक्सिजन लागत होता. तेवढ्याच दिवसांत शेजारच्या अकरा नंबरवर चार माणसं आली, दोन बायका आणि दोन पुरुष. चौघांनाही शेवटी प्लास्टिकात बांधून न्यावं लागलं. दर वेळी श्रद्धा अकरापुढचा आकडा पुसायची आणि सुमंगला नवा लिहायची.

फाटकाशी रघुनाथांचा मुलगा योगेश गाडी घेऊन उभा होता. शेजारी त्याची बायको रेश्मा. तिच्या हातात ताट होतं: नारळ, तांदूळ, खण, जाईचा गजरा. पोट सातव्या महिन्याचं.

"हिका कशाक हाडलंस रे?" सुमंगला योगेशवर कडाडली. "पोटुशी बायल हांगा हाडतत?"

"सांगून दमलंय, बाय. आयकणा नाय."

"मामांका तुमी परत दिल्यात," गाडीतल्या सासऱ्यांकडे बघत रेश्मा म्हणाली. "तुमची ओटी भरल्याबगर मी घराक जावचंय नाय."

"घरीच भर गो. माझो फोटो ठेव पाटार."

"फोटो ठेवपाक तुमी मेल्यात काय, सिस्टर?" गाडीत बसलेले रघुनाथ म्हणाले. आपल्याच बोलण्यावर ते हसले, आणि हसता हसता खोकले.

नाही म्हणायचं तर आत्ताच, हे सुमंगलाला कळत होतं. पण सवाष्णीने आणलेली ओटी परत पाठवलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. शिवाय एकोणीस दिवसांत तिच्या खोलीतून स्वतःच्या पायांनी बाहेर पडलेला हा एकच माणूस होता.

तिने ओढणी पसरली. रेश्माने कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, वर खण आणि नारळ ठेवला. रीतीप्रमाणे सुमंगलाने त्यातले पाच दाणे उचलून तिच्या पदरात परत टाकले.

"एक फोटो, बाय. मास्क काडा मगे, नायतर सिस्टर कोण तां कळाचा नाय," योगेश म्हणाला.

तिने मास्क हनुवटीखाली ओढला. रेश्मानेही. गजरा माळायला रेश्मा वाकली तेव्हा तिचा श्वास सुमंगलाच्या गालाला लागला.

"आमच्या दारातल्यो जायो. वास बगा कसो येता."

"बरो येता गो," सुमंगला म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. आपण वास घेतलाच नाही, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

घरी जाताना सर्वण गावच्या वळणावर तिने रोजच्यासारखी स्कूटर हळू केली. वळणापलीकडे तिच्या नवऱ्याची, सगुणची, काजूच्या दारूची भट्टी होती. मे महिन्यात मळलेल्या बोंडांचा आंबूस वास तिथे नाकात शिरायचाच. महिनाभर ही तिची रोजची तपासणी होती. मास्क काढायचा, वास आला की घरी जायचं.

तिने मास्क काढला. पानं तिच्याकडे झुकत होती, म्हणजे वारा भट्टीकडूनच होता. वास आला नाही.

"बोंडां हाडूंक नाय काय आज?" तिने लांबूनच विचारलं.

"चार पाट्यो आसत! सकाळपासून घमघमता," सगुण म्हणाला. "लांब कित्या उबी रवलंस?"

"हुर्राकाचो एक ग्लास त्या धोंड्यार ठेव आणि मागे सर."

"दुपारी तीन वाजता? सिस्टरीण बिगाडली रे देवा," तो हसला. पण ग्लास ठेवून वळल्यावर त्याने तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू ओसरलं.

तिने ताजी, धारदार दारू नाकाशी धरली. डोळ्यांना झोंबली. डोळ्यांत पाणी आलं. नाकात मात्र काहीच पोचलं नाही. तिने केसांतला गजरा ओढून चुरगळला, पुन्हा हुंगला. मग तिला श्रद्धाचं स्पिरिट आठवलं. म्हणजे वास फाटकाशी जाण्याआधीच गेला होता.

ती धोंड्यावर बसली आणि हिशेब मांडू लागली. अंतर हातभर. मास्क काढलेले, दोघींचेही. चार मिनिटं, कदाचित पाच. उघडी हवा, ही एक बरी गोष्ट. आपले लसीचे दोन्ही डोस झालेत. गरोदर बायकांना लस अजून खुलीच झालेली नाही. ही गोष्ट बरी नव्हती, आणि ती कुठूनही मोजली तरी तेवढीच राहत होती.

तिने फोन लावला.

"बाय! फोटो बगलात?" योगेशचा आवाज फुलला होता. "स्टेटसार घातलंय. आख्खो वाडो तुमका हात जोडता!"

"योगेश, आयक. माका वास येना जालो. टेस्ट उद्या करतंय, पण तू आजपासून रेश्माक वेगळ्या खोलीत ठेव. जनेल उगडा ठेव. मामांकाय तिच्याकडे सोडू नको."

योगेशचा आवाज खाली आला.

"म्हंजे... तुमी तिका दिल्यात?"

"दिलंय आसतलंय. माका खबर नाय."

फोन हातातून हातात गेल्याचं कळलं. रेश्मा होती.

"बाय, तुमी जेवल्यात काय?"

"रोज सकाळी दारातली जाई हुंग," सुमंगला म्हणाली. "वास येता की नाय, तेवढा माका कळव."

संध्याकाळी योगेशच्या स्टेटसवरचा फोटो गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ती भट्टीमागच्या खोलीत राहू लागली, जिथे सगुण रिकामी पिंपं ठेवायचा. तो जेवण दाराशी ठेवून लांबून हाक मारी. ती ताप मोजी, बोटाला यंत्र लावून स्वतःचा ऑक्सिजन बघे. सत्याण्णव, शहाण्णव, सत्याण्णव. खरी वाट मात्र ती सकाळी सातची पाही.

"येता," रेश्माचा मेसेज येई. पुढच्या दिवशी, "येता." मग, "येता. मामा आज दोन भाकऱ्यो जेवले." पाचव्या दिवशी, "येता. बाळ लाथा मारता."

सहाव्या दिवशी सात वाजले, आठ वाजले. सुमंगलाने दोनदा नंबर काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला. मग ओटीचे तांदूळ धुतले. ओटीचे तांदूळ दुसऱ्याला देत नाहीत, जिची ओटी तिनेच खायचे असतात, आणि ते तसेच पडून होते. तीन दगडांच्या चुलीवर तिने भात चढवला.

दहा वाजता फोन वाजला. श्रद्धाचा होता.

"बाय, तुयेंची रेश्मा आयली हा. पॉझिटिव्ह. सॅच्युरेशन चौऱ्याण्णव."

"हांगा कित्या हाडली? पेडण्यात खाट नाय?"

"आसा. पण आयकणाच नाय म्हणे. सुमंगला सिस्टर आसा थंयच नेवा म्हणता."

"कुठल्या नंबरार?"

"दुसरी खाट नाय गे, बाय. अकरा."

चुलीतलं लाकूड तडतडलं. कुणाकडून कुणाला, हे आता कुठल्याच तपासणीने कळणार नव्हतं. सुमंगलाला ते ठाऊक होतं. त्याने हलकं काहीच झालं नाही.

"आयक," ती म्हणाली. आवाज ड्युटीवरचा होता. "उताणी निजवू नको. पालथी तर घालूच नको. डाव्या कुशीर ठेव, पाठीक उशी लाव. डॉक्टराक सात महिने म्हणून आदी सांग. दर तासाक आकडो फळ्यार लिही आणि माका फोन कर."

"ती विचारता, तुमी कधी येतल्यात?"

"सांग, सिस्टर जेवता म्हणून. जेवली की येतली."

"बाय, तुमका अजून आठ दिवस..."

"तेवढाच सांग तिका."

फोन ठेवून तिने चुलीतला कोळसा उचलला. भिंतीवर लिहिलं: ११. त्यापुढे ९४. पुढे जागा सोडली.

मग थाळीत भात वाढून घेतला. त्याला वास नव्हता, चवही नव्हती. ती घास मोजून चावत राहिली. थाळीतलं शेवटचं शीत बोटाने टिपून तोंडात घातलं आणि पुढच्या आकड्यासाठी फोनकडे पाहिलं.

अकराला अजून दहा मिनिटं होती.